पटाच्या जोडीपासून रेसच्या मोटारीपर्यंत : एका वाहनाचा मागोवा

धानाचे चुरणे आटोपले आणि बांध्या मोकळ्या झाल्या, की भंडारा जिल्ह्यात शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, दिवस येतात. साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या बाजूंच्या गावांत दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक असा जोडकार्यक्रम ठरलेला असतो. पटाला गेलेल्या माणसाची नजर साहजिकच धावपट्टीवर खिळते. जोडी सुटते, धुरकरी छकडीवर वाकतो आणि सेकंदाच्या भागांवर इनामाचा निकाल लागतो. आपण मात्र आज नजर वळवणार आहोत ती मैदानाच्या कडेला, ओळीने उभ्या असलेल्या पिकअप गाड्यांकडे. मागचा फाळका खाली सोडलेला, हौद्यात तणसाचा जाड थर, बैलांची कातडी घासू नये म्हणून कडेच्या लोखंडी कठड्यांना बांधलेली पोती, केबिनच्या टपावर ढेपेचे पोते आणि पाण्याचा ड्रम. जोडी उतरवून झाली, की त्याच हौद्यात तणसावर घोंगडी पसरून माणसे रात्र काढतात. वाहन एक आणि कामे तीन : धावणाऱ्याला नेणे, त्याच्या माणसांना निवारा देणे आणि दोघांचे सामान सांभाळणे. अमेरिकेतला रेसच्या मोटारीचा मालक ट्रकच्या सांगाड्यावर बिछाने, शेगडी आणि न्हाणीघर असलेले घर बांधून घेतो, त्यामागे मोटारीचा बंद ट्रेलर जोडतो आणि शर्यतींच्या मोसमात गावोगाव फिरतो, तोही याच तीन कामांसाठी. धावणाऱ्याने घराच्या पोटात बसून जावे, घराच्या मागून यावे, की स्वतःच्या पायांनी चालावे, हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याची उत्तरे शोधणाऱ्यांत आपल्या मुलखातल्या माणसांचा वाटा मोठा आहे.

या वाहनाचा सर्वांत जुना पूर्वज शोधू गेल्यास आपल्याला शिकारखान्यात जावे लागते. अकबराच्या पदरी असलेल्या चित्त्यांची व्यवस्था ‘आईन-इ-अकबरी’त तपशिलाने नोंदलेली आहे. चित्ता हा जमिनीवरचा सर्वांत वेगवान प्राणी. पण त्याचा वेग काहीशे मीटरच टिकतो आणि मग तो पार थकून बसतो. त्याला माळापर्यंत चालवत नेले, तर काळवीट दिसेपर्यंत त्याच्यातली धाव संपलेली असायची. म्हणून डोळ्यांवर पट्टी चढवलेला चित्ता बैलगाडीवर बसवून नेत. शेतात रोज दिसणाऱ्या बैलगाडीला काळवीट बुजत नसे, हा दुसरा फायदा. गाडी कळपाच्या टप्प्यात आली, की चित्तेवान पट्टी काढी आणि चित्ता सुटे. कोल्हापूर संस्थानात ही शिकार विसाव्या शतकातही चालू होती. धावणाऱ्याने रस्त्यात धावायचे नाही, त्याची शक्ती मैदानासाठी राखून ठेवायची, हे सूत्र या साध्या गाडीने पाळले. पुढच्या चार शतकांत जे जे घडले ते याच सूत्राचा विस्तार आहे, असे मला वाटते.

दुसरा पूर्वज घराच्या बाजूने येतो. वंजारी आणि लमाणांचे तांडे शतकानुशतके दक्खनच्या वाटांवरून धान्य आणि मीठ वाहत राहिले. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. वाट अरुंद असेल तर असा तांडा पुढून जाईपर्यंत प्रवाशाला दोन-तीन दिवस थांबावे लागे. त्या तांड्यात बायका, मुले, भांडीकुंडी असा सगळा संसार सोबत चाले. घिसाडी आणि गाडी लोहार यांनी तर गाडीलाच घर केले. ऐरण, भाता आणि मुलेबाळे एकाच चौकटीत. १९५५ साली पंडित नेहरूंच्या उपस्थितीत गाडी लोहारांना चितोडगडावर समारंभाने परत नेण्यात आले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष त्या नक्षीदार गाड्यांकडे गेले. चाकावरचे घर ही युरोप-अमेरिकेच्या हौशी मंडळींची कल्पना आहे असे समजणाऱ्याने या गाड्या आठवाव्यात. मात्र तांड्यात घर होते, ओझे होते, पण शर्यत नव्हती. वेग आणि घर एकत्र येण्यासाठी आणखी एक दुवा हवा होता आणि तो विदर्भातच तयार झाला.

तो दुवा म्हणजे गवळाऊ बैल. वर्धा, नागपूर आणि पलीकडे छिंदवाडा हा त्याचा प्रदेश. पांढऱ्या-करड्या अंगाचा, लांब अरुंद तोंडाचा, पायांनी हलका. पशुवैद्यकाच्या ग्रंथांत या जातीची जी हकीकत दिली जाते ती अशी, की मराठ्यांनी सातपुड्याच्या डोंगरवाटांतून लष्कराची रसद झपाट्याने हलवता यावी म्हणून हलक्या गाड्यांना जुंपण्याजोगा, दुडक्या चालीचा हा बैल जोपासला. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगाल-ओरिसापर्यंत जात होत्या त्या काळात वेगवान बैल ही चैनीची वस्तू नव्हती, ती लष्करी गरज होती. फौजा गेल्या, संस्थान १८५३-५४ मध्ये खालसा झाले, पण बैलांच्या अंगातला वेग राहिला. शर्यत ही त्या वेगाची शांततेच्या काळातली वाट. गवळाऊच्या बाबतीत ओढणारा आणि धावणारा एकच होता, म्हणजे ट्रकही तोच आणि रेसची मोटारही तीच. पुढचा सगळा इतिहास या दोघांच्या फारकतीचा आहे.

ही फारकत गावपातळीवर कशी झाली असेल हे समजण्यासाठी वैनगंगेच्या खोऱ्यातली वाहने पाहावी लागतात. ओझ्यासाठी बंडी आणि माणसांसाठी रेंगी किंवा दमणी. रेंगी आकाराने लहान, आसावर नीट तोललेली, बांबूच्या तट्ट्यांचे आच्छादन असलेली; चाकांवर लोखंडी धाव, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. आत तणस टाकून त्यावर गोधडी अंथरली, की म्हाताऱ्या माणसालाही दहा-बारा कोसांचा प्रवास सोसे. दिवाळीनंतरच्या मंडईला, दंडारीला, खडी गमतीला आणि पटाला कुटुंबे रेंगीतून जात आणि रात्र रेंगीतच काढत. पटाची जोडी मात्र रेंगीला जुंपणे म्हणजे इनाम आधीच दुसऱ्याला देऊन टाकणे. म्हणून जोडी मोकळी चालवायची आणि सामान, वैरण, माणसे घरच्या साध्या बैलांच्या गाडीत. धावणाऱ्याला जोखडातून सोडवणे ही पहिली पायरी. त्याला रस्त्यावरून उचलून घेणे ही दुसरी. ती दुसरी पायरी भंडाऱ्याच्या पटाला गाठायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध यावा लागला, कारण बैलाने बैल वाहून न्यायचा तर वाहणाऱ्यांची संख्या, गाडीचे वजन आणि कच्च्या वाटा यांचा हिशेब बसत नाही.

हा हिशेब सर्वप्रथम बसला तो इंग्लंडात आणि त्यातही पहिले पाऊल बैलांच्या गाडीचेच होते. तिकडे पोसलेले धष्टपुष्ट बैल प्रदर्शनांना नेण्यासाठी खास गाड्या असत. १८१६ साली वूस्टरशरमधून सॉव्हरिन नावाचा शर्यतीचा घोडा अशाच बैलवाहू गाडीत घालून न्यूमार्केटला नेण्यात आला. घोडा जिंकला नाही, म्हणून ही गोष्ट विसरली गेली. वीस वर्षांनी, १८३६ मध्ये, लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांच्या एलिस या घोड्याची नोंदणी डॉनकास्टरच्या सेंट लेजर शर्यतीसाठी झाली होती. त्या काळी घोडे दिवसाला पंधरा-वीस मैल चालवत नेत, म्हणजे दक्षिणेकडच्या गुडवुडहून डॉनकास्टरला पोचायला दोन आठवडे सहज लागत. शर्यत आठवड्यावर आली तरी एलिस तबेल्यातच आहे, ही बातमी पैज लावणाऱ्यांना कळली आणि त्याचा भाव गडगडला. बेंटिंक यांनी आतून गाद्या बसवलेली मोठी बंद गाडी तयार ठेवली होती. एलिस आणि त्याचा सोबती ड्रमर यांना तिच्यात चढवले, सहा घोडे जुंपले, टप्प्याटप्प्यावर ते बदलले आणि सुमारे अडीचशे मैलांचे अंतर तीन दिवसांत तोडले. एलिस ताजातवाना उतरला आणि शर्यत जिंकला. इतिहासकार १८३६ चे वर्ष मोठ्या अक्षरांत लिहितात. मला सॉव्हरिनला बैलांच्या गाडीत घालण्याची कल्पना ज्याला सुचली तो माणूस अधिक मोठा वाटतो. शर्यतीला निघालेल्या धावणाऱ्याला ओझे समजण्याचे धाडस त्याने केले.

यानंतर रेल्वे आली आणि काही दशके रस्त्यावरच्या या शोधाची गरजच उरली नाही. आपल्याकडे १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग गेला, १८८३ मध्ये महालक्ष्मीचे रेसकोर्स उभे राहिले, आणि मुंबईचा हिवाळी मोसम व पुण्याचा पावसाळी मोसम यांच्यात शर्यतीचे घोडे रेल्वेच्या डब्यांतून ये-जा करू लागले. भंडाऱ्याच्या वाट्यालाही रेल्वे लवकर आली. १८८० च्या सुमारास नागपूरहून पूर्वेकडे निघालेला नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज मार्ग वैनगंगा ओलांडून गेला; १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ब्रॉडगेज केला. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून तांदूळ गेला, तुमसर भागातले मँगनीज गेले. पटाच्या जोडीला मात्र रेल्वेचा उपयोग नव्हता. घोड्यांची शर्यत एका ठरलेल्या शहरात होते. पट आज या गावात तर परवा जंगलापलीकडच्या गावात. रूळ तिथवर जात नव्हते. फिरत्या शर्यतीला फिरते वाहनच लागते आणि मोटारीच्या शर्यतींनाही नेमकी हीच अडचण आली.

मोटार आली तेव्हा सुरुवातीला गवळाऊचाच न्याय लागू होता. रेसची मोटार रस्त्यावरून चालवत मैदानावर न्यायची, शर्यत लावायची आणि जमले तर तीच चालवत घरी परतायचे. घराची बाजू वेगळ्या हातांनी घडत होती. १८८५ मध्ये ब्रिटिश नौदलातले माजी वैद्य गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाचे घोड्यांनी ओढायचे प्रवासी घर बनवून घेतले. १९१० मध्ये पिअर्स-ॲरो कंपनीने झोपण्याची आणि हात धुण्याची सोय असलेली ‘टूरिंग लँडॉ’ न्यूयॉर्कला प्रदर्शनात मांडली. पण ओढणारे वाहन आणि मागचे घर यांची सांधेजोड हा खरा कळीचा मुद्दा होता आणि तो सोडवणाऱ्यांत एक शर्यतपटू होता. ग्लेन कर्टिस हे नाव विमानांच्या इतिहासात येते. पण जानेवारी १९०७ मध्ये फ्लॉरिडाच्या ऑर्मंड किनाऱ्यावर त्यांनी आठ सिलिंडरांची मोटारसायकल ताशी १३६ मैलांनी पळवली होती. तोवर इतक्या वेगाने कोणीच माणूस गेलेला नव्हता. १९२० च्या दशकाच्या अखेरीस याच कर्टिस यांनी ‘एरोकार’ नावाचे चाकांवरचे घर बाजारात आणले. त्याचे वजन ओढणाऱ्या मोटारीच्या पाठीमागे टांगलेले नव्हते. ते मोटारीच्या मागच्या आसाच्या जवळ, आडव्या बसवलेल्या हवेच्या टायरवर टेकत होते. धक्के टायरने गिळले आणि वजन आसावर आले, त्यामुळे मागचे घर झोकांड्या खाईना. रेंगी बनवणारा सुतार ज्या तोलासाठी आसाची जागा बोटांनी मोजून ठरवतो, तोच तोल विमान बनवणाऱ्या माणसाने ट्रेलरला दिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शर्यतींचे पेव फुटले. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली आणि सरळ पट्ट्यावरच्या, पाव मैलाच्या शर्यती गावोगावच्या रिकाम्या धावपट्ट्यांवर होऊ लागल्या. दोन स्पर्धक, दोन समांतर पट्टे, सरळ धाव आणि घड्याळाचा निकाल : आपल्या शंकरपटाशी याहून जवळचे नाते दुसऱ्या कोणत्या मोटारशर्यतीचे असेल असे मला वाटत नाही. या मोटारी रस्त्यावर चालवण्याजोग्या उरल्या नव्हत्या. त्या ओढूनच न्याव्या लागत. डॉन गार्लिट्स हा फ्लॉरिडाचा तरुण १९५९ मध्ये आपली ड्रॅगस्टर, म्हणजे अशा सरळ धावेची मोटार, उघड्या ट्रेलरवर घालून पार कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला गेला, तेव्हा देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची ती वाट होती. अशा प्रवासात कुटुंब, मेकॅनिक, इंधनाचे पिंप आणि सुटे इंजिन सोबत हवेच. तिकडे कारखान्यात बनलेली अख्खी घरे ओढून नेण्यासाठी ‘टोटर’ नावाचे आखूड, दणकट ट्रक असत. अशाच ट्रकच्या सांगाड्यावर झोपण्याची खोली बांधून मागे रेसच्या मोटारीचा ट्रेलर जोडण्याची पद्धत रूढ झाली आणि त्या वाहनाला टोटरहोम म्हणू लागले. ट्रकवर आधारलेल्या मोटारहोमची ही सरळ वंशावळ आहे. १९६० च्या दशकात विनेबागोसारख्या कंपन्यांनी हलकी मोटारहोम स्वस्त केली, तरी वजनदार ट्रेलर ओढणाऱ्यांनी ट्रकची साथ सोडली नाही. त्याचे कारण पुढे पाहू.

युरोपाने वेगळी वाट धरली. १९५५ च्या मोसमासाठी मर्सिडीज-बेंझच्या शर्यत विभागाने एक वाहक बनवला. ३०० एसएल या क्रीडामोटारीचे इंजिन, निळा रंग, पुढच्या चाकांच्याही पुढे काढलेली बसकी केबिन आणि पाठीवर उघडी ठेवलेली रेसची मोटार. मोटार पाठीवर असतानाही तो ताशी १७० किलोमीटरपर्यंत धावे. मैदानावर बिघडलेली मोटार रातोरात स्टुटगार्टला नेऊन दुरुस्त करून आणता यावी हा हेतू. लोक त्याला ‘निळे नवल’ म्हणत. त्याच वर्षी ल मान्सच्या शर्यतीत भीषण अपघात झाला, मोसम संपताच मर्सिडीजने शर्यतींतून अंग काढून घेतले, आणि १९६७ मध्ये तो वाहक मोडीत निघाला. आज दिसते ती नंतर बनवलेली प्रतिकृती. वाहन देखणे होते यात शंका नाही. पण त्यात माणसांच्या पाठ टेकण्याचा विचार नव्हता. मोठ्या कंपनीला हॉटेल परवडते. स्वतःच्या कमाईवर शर्यत लावणाऱ्याला रात्र मैदानातच काढावी लागते, मग ते मैदान बेकर्सफील्डचे असो की लाखांदूरचे.

या निळ्या नवलाच्या जन्माशी आपल्या ट्रकचाही संबंध आहे. ज्या डायम्लर-बेंझ कंपनीने तो वाहक घडवला, तिच्याशी टाटांच्या टेल्कोने १९५४ मध्ये करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडू लागले. मद्रासेत १९४८ मध्ये सुरू झालेली अशोक मोटर्स १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. मुंबईत महिंद्रांनी १९४७ पासून जीप जोडायला घेतल्या होत्या आणि पुण्यात बजाज टेम्पोने १९५८ नंतर तीनचाकी टेम्पो व १९६९ मध्ये मॅटाडोर आणली. १९८२ हे वर्ष भंडारेकरांनी विशेष ध्यानात ठेवावे. त्या वर्षी लाखनीजवळच्या गडेगावात, कोलकात्याकडे जाणाऱ्या महामार्गालगत, अशोक लेलँडचा कारखाना सुरू झाला. इथे ट्रकचे गिअरबॉक्स बनतात. गिअरबॉक्स म्हणजे ओढण्याचे मर्म : इंजिनाच्या फेऱ्या आणि चाकावरचा जोर यांची देवघेव तिथे होते आणि भरलेला ट्रेलर चढावर जागचा हलवायचा तर खालचा गिअर जितका ताकदीचा तितके क्लचचे आयुष्य अधिक. ज्या तालुक्यात पटाच्या जोड्या पळतात, त्याच तालुक्यात देशभरच्या ट्रकांना ओढण्याची ताकद देणारा भाग घडतो, हे पटशौकिनांपैकीही फार थोड्यांच्या मनात येत असेल.

तरी मोठ्या ट्रकने पटाची वाट बदलली नाही. बांधाच्या रस्त्याने तो गावात शिरेना आणि एका जोडीसाठी परवडेना. १९८० च्या दशकाच्या मध्यावर जपानी कंपन्यांच्या भागीदारीत डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी यांचे हलके ट्रक आले आणि १९८६ मध्ये टाटांनी ४०७ आणली. चार-सहा जोडीवाल्यांनी मिळून भाड्याने घ्यावे असे हे पहिले वाहन. त्यानंतर बोलेरो पिकअप आली, २००५ मध्ये टाटा एस आली, २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त आली आणि एका जोडीला एक वाहन हे गणित जुळले. बेंटिंक यांच्या गाडीपासून गावच्या पिकअपपर्यंत पोचायला पावणेदोनशे वर्षे गेली. परिणाम मात्र तोच झाला : पायी चालवत नेता येईल तेवढ्या टापूतले पट करणारी जोडी आता नागपूर, अमरावती, चंद्रपूरपर्यंत जाऊ लागली. अमरावती जिल्ह्यातला तळेगाव दशासरचा पट भंडाऱ्याच्या शौकिनांना पूर्वी ऐकून माहीत असे. आता तिथे सकाळी पोचून दुपारी जोडी सोडता येते.

वाहनाबरोबर कायदाही आला. प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम १९७८ चेच आहेत आणि ते वाचताना बनवणाऱ्यांनी बैलाचा विचार किती बारकाईने केला आहे हे जाणवते. मालवाहू गाडीत सहांपेक्षा जास्त गुरे नकोत, पायाखाली घसरू नये असे अंथरूण हवे, कडांना गादी हवी, सोबत एक सांभाळणारा हवा, दुसरा माल नको, आणि जनावर बुजू नये म्हणून त्याचे तोंड शक्यतो इंजिनाकडे असावे. २०१५ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आणखी एक नियम घातला गेला : गाय-म्हशींसाठी प्रत्येकी दोन चौरस मीटर आणि घोड्यासाठी सव्वादोन चौरस मीटर जागा असलेले स्वतंत्र कप्पे हवेत. त्याआधी जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेने बैल प्रदर्शनास बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत गेला होता आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, उच्च न्यायालयात ती अडकली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी आणि हजार मीटरांची मर्यादा यांच्या चौकटीत पट होतो. वाहनाच्या दृष्टीने या नियमांचा परिणाम असा, की जोडी असलेल्या हौद्यात माणसांचे बिऱ्हाड भरता येत नाही. धावणारा एका चौकटीत आणि घर दुसऱ्या चौकटीत, ही विभागणी अमेरिकेत ट्रेलरने केली, आपल्याकडे कायद्याने.

आता आजच्या माणसाकडे येऊ. समजा, भंडाऱ्यातल्या एखाद्या तरुणाकडे रॅलीसाठी तयार केलेली जिप्सी आहे. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० पासून आहे, कोइमतूरचा करी ट्रॅक २००३ पासून. दोन्ही इथून हजार किलोमीटरांहून लांब. त्याला ट्रकवर घर बांधून मागे ट्रेलर लावायचा आहे. जिप्सीचे वजन सुमारे एक टन, म्हणजे गवळाऊच्या थोराड जोडीपेक्षा फार जास्त नाही. त्यात दोन आसांचा बंद ट्रेलर, चाकांचे संच, हत्यारे, जनरेटर धरले, की मागचे ओझे अडीच-तीन टनांवर जाते. आपल्या वर्गवारीत पाऊण ते साडेतीन टनांचा ट्रेलर टी-२ गटात मोडतो आणि त्याला स्वतःचे ब्रेक असणे ही जिवाची गरज आहे. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यायला हवा. त्याहून कमी आला तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. तीन टनांच्या दहा टक्क्यांचे तीनशे किलो होतात. घरात तीनशे लिटरची पाण्याची टाकी म्हणजे आणखी तीनशे किलो, त्यावर बिछाने, कपाटे, माणसे. पिकअपची वाहून नेण्याची क्षमता दीड-पावणेदोन टनांची. घर बांधतानाच ती संपते आणि ओढण्यासाठी काही उरत नाही. ट्रकचा सांगाडा घ्यावा लागतो तो इथे, आणि हलकी मोटारहोम स्वस्त असूनही शर्यतवाल्यांनी टोटरहोम का सोडले नाही त्याचेही उत्तर हेच.

ट्रक घेतानाही आपल्याकडे बॉडी बांधणाऱ्यांची एक सवय घातक ठरते. खोली मोठी दिसावी म्हणून मागच्या आसाच्या पलीकडे सांगाडा वाढवतात आणि त्याच्या टोकाला हूक जोडतात. हुकावरचा भार आसापासून जितका लांब, तितका तो पुढची चाके उचलायला पाहतो आणि ट्रेलरच्या प्रत्येक हेलकाव्याला तेवढी लांब तरफ मिळते. कर्टिस यांनी शंभर वर्षांपूर्वी सोडवलेली अडचण आपण नव्याने विकत घेतो. म्हणून घर थोडे आखूड ठेवावे, हूक सांगाड्याच्या मूळ पट्ट्यांना जोडावा, आसाच्या शक्य तितका जवळ आणावा आणि ट्रेलरचा ब्रेक केबिनमधून लावता येईल अशी सोय करावी. उतारावर मदत करणारा एक्झॉस्ट ब्रेक असलेला सांगाडा मिळाला तर तोच घ्यावा. कागदाची बाजूही आता पूर्वीइतकी अंधारी नाही. पुण्याच्या एआरएआय या मोटार संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेले एआयएस-१२४ हे मोटार कॅराव्हॅनसाठीचे मानक आहे, आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मालवाहू ट्रक म्हणून नोंदलेल्या गाडीत परस्पर बिछाने ठोकण्यापेक्षा मानकानुसार बॉडी बांधून नोंदणी करणे हाच शहाणपणाचा मार्ग. अपघात झाला तर विमा याच कागदावर उभा राहतो.

माझे मत विचाराल तर क्रम असा धरावा : आधी धावणारा, मग ट्रेलर, मग ट्रक, आणि घर सर्वांत शेवटी. बहुतेक जण नेमके उलट करतात. आधी बिछान्यांचा आणि स्वयंपाकाच्या ओट्याचा नकाशा काढतात आणि उरलेल्या ताकदीत ट्रेलर बसवू पाहतात. चित्तेवानाने, बेंटिंक यांनी आणि पटाची जोडी मोकळी चालवणाऱ्या इथल्या शेतकऱ्यांनी पहिला विचार धावणाऱ्याचाच केला होता. तेव्हा बॉडीवाल्याकडे जाण्याआधी एक काम करा. मोटार, चाके, हत्यारे, इंधन असे सगळे भरून ट्रेलर महामार्गावरच्या धर्मकाट्यावर चढवा, एकूण वजनाची पावती घ्या, मग फक्त हुकाचा भार वेगळा तोलून दुसरी घ्या, आणि या दोन पावत्या हातात घेऊनच ट्रकची किंमत विचारा.